घटस्फोटाच्या याचिकेत राहून गेलेलं नंतर कसं घालायचं? दुरुस्ती अर्जाची सविस्तर माहिती

"हे तुमच्या याचिकेत कुठे लिहिलंय, दाखवा बरं."

उलटतपासणीत हा प्रश्न आला की पिंजऱ्यात उभी असलेली बाई आधी आपल्या वकिलाकडे बघते, मग समोर धरलेल्या कागदांकडे. दिवाळीच्या दिवशीची मारहाण तिला घड्याळासकट आठवत असते. दवाखान्याचा कागद पिशवीत असतो. याचिकेत मात्र ती घटनाच नसते. याचिका लिहिली तेव्हा वकिलांसमोर तिच्या एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला वडील बसलेले होते. त्यांच्यासमोर तिने निम्मं सांगितलं आणि निम्मं गिळलं. कोर्टाला यातलं काहीच कळत नाही. त्याला दिसते ती लिहिलेली याचिका, त्यावरची कैफियत म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, आणि त्यावरून निघालेले मुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न.

प्लीडिंगमध्ये म्हणजे याचिकेत किंवा कैफियतीत जे नाही, त्यावरचा पुरावा कोर्ट सहसा विचारात घेत नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ ने पुराव्याच्या बाबतीत बरीच सैल मोकळीक दिली आहे हे खरं. पण ती मोकळीक कागद कोणता वाचायचा यापुरती आहे. समोरच्याला ज्या आरोपाला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही, तो आरोप त्या वाटेने आत येत नाही. त्याला वाट एकच, दुरुस्ती अर्ज. आणि ती वाट एका ठरावीक दिवसानंतर फार अरुंद होते. तो दिवस कोणता, हे बहुतेक पक्षकारांना तो उलटून गेल्यावर कळतं.

आधी ठरवा, दुरुस्ती खरंच लागते का

माझ्याकडे "याचिकेत बदल करायचाय" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुरुस्तीची गरजच नसते.

पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याची पुरशिस, म्हणजे कोर्टाला माहिती देणारं लेखी निवेदन द्या, काम होतं. नवे कागद हाती आले असतील आणि ती घटना याचिकेत आधीच लिहिलेली असेल, तर कागद दाखल करण्याच्या परवानगीचा अर्ज पुरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १४ मध्ये त्याची सोय आहे. चालू खटल्यात पोटगी हवी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा वेगळा अर्ज, मुलांच्या ताब्यासाठी किंवा भेटीसाठी कलम २६ चा. कायम पोटगीचा कलम २५ चा अर्ज तर निकालाच्या वेळी किंवा निकालानंतरही करता येतो. निकाल लागून गेला आणि हुकूमनाम्यात लग्नाची तारीख चुकीची टाइप झाली असेल, तर ती संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्त होते. त्यासाठी याचिकेला हात लावायचं कारण नाही.

दुरुस्ती लागते ती तीन प्रसंगी. घटना राहून गेली असेल तेव्हा, याचिका दाखल झाल्यावर नवं काही घडलं असेल तेव्हा, आणि मागणी किंवा घटस्फोटाचं कारण वाढवायचं असेल तेव्हा. पहिल्या दोन बाबतीत कोर्टं सहसा उदार असतात. तिसऱ्यात खड्डे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

टप्पा तपासा

कायद्याचं मूळ आहे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ मध्ये, आणि कौटुंबिक न्यायालयाला ते कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १० मुळे लागू होतं. कामकाजाच्या कुठल्याही टप्प्यावर, पक्षकारांमधला खरा वाद ठरवायला आवश्यक असेल ती दुरुस्ती कोर्ट करू देऊ शकतं, असा तो नियम सांगतो. १९९९ मध्ये संसदेने हा नियमच काढून टाकायचं ठरवलं होतं. त्यावर वकिलांनी देशभर रान उठवलं आणि २००२ च्या दुरुस्तीने नियम परत आला, पण शेपटाला एक परंतुक म्हणजे अट लावून. १ जुलै २००२ पासून लागू असलेलं हे परंतुक म्हणतं की सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती करू द्यायची नाही. अपवाद एकच. योग्य ती दक्षता घेऊनही पक्षकाराला ही गोष्ट सुनावणीपूर्वी मांडता आली नसती, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे.

मग सुनावणी सुरू झाली कधी मानायची? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००८ च्या एका निकालात सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे आपल्या साक्षीचं शपथेवरचं लेखी कथन, दाखल होणं ही ती घटका धरली. मुद्दे निघाले त्या दिवसाकडे बोट दाखवणारे निकालही आहेत, आणि विरोधी वकील नेमके तेच घेऊन उभा राहतो. म्हणून मी पक्षकारांना सांगते, समुपदेशन आणि मध्यस्थी फिसकटली, कैफियत आली, की मुद्दे निघण्याच्या तारखेआधी एक अख्खी संध्याकाळ काढा आणि आपली याचिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचा. एकटीने वाचा किंवा एकट्याने वाचा. दीड-दोन वर्षांपूर्वी, दुःखात आणि घाईत सही केलेला कागद आहे तो. पेन्सिल घ्या आणि समासात तीनच खुणा करा: चुकलंय, राहिलंय, नंतर घडलंय. त्या खुणांची यादी घेऊन वकिलांकडे जा.

आपलं प्रकरण कुठे आहे हे नेमकं माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर प्रकरणाचा क्रमांक टाकून पुढची तारीख कशासाठी आहे ते पाहा. तिथे पुराव्याचा टप्पा दिसत असेल तर दिवस मोजायला लागा.

सुनावणी सुरू झाली असेल तर

दार बंद झालेलं नाही, पण आता उंबऱ्यावर प्रश्न विचारला जातो. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट यायलाच हव्यात: ही माहिती मला कधी कळली, कशी कळली, आणि त्याआधी का कळू शकली नसती. "नजरचुकीने राहून गेले" हे वाक्य सरतपासणीआधी चालून जातं, नंतर नाही. "आधीच्या वकिलांनी लिहिलं नाही" हे तर त्याहून कमजोर, कारण सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या विधानावर, सही तुमची असते.

समजा नवऱ्याचे बँकेचे उतारे कोर्टाने समन्स काढून मागवले, ते पुराव्याच्या टप्प्यावर आले आणि त्यात दुसऱ्या शहरातल्या फ्लॅटचे हप्ते दिसले. ही माहिती आधी मिळणं तुमच्या हातात नव्हतं, अर्ज भक्कम आहे. आता समजा जुना बंद पडलेला मोबाइल दुरुस्त करून घेतला आणि त्यात २०२१ चे शिवीगाळीचे मेसेज सापडले. मेसेज आज सापडले असतील, पण शिव्या खाल्ल्याचं तुम्हाला २०२१ पासून माहीत होतं, असं समोरून म्हटलं जाईल आणि त्यात तथ्य असेल. अशा वेळी छळाची घटना आधीच याचिकेत आहे का ते पाहा. असेल तर मेसेज हा फक्त पुरावा झाला, आणि दुरुस्तीच्या फंदात न पडता तो कागद म्हणून दाखल करायचा अर्ज द्या.

याचिका दाखल झाल्यानंतर घडलेल्या गोष्टींचं काम त्या मानाने सोपं आहे. जी गोष्ट घडलीच नव्हती ती आधी कशी लिहिणार? मात्र ती घडून दोन वर्षं झाल्यावर अर्ज आणलात तर या दोन वर्षांत काय करत होतात, हे विचारलं जाणारच.

कारण वाढवायचं असेल तर इथे थांबा

हिंदू विवाह कायद्यात परित्यागासाठी, म्हणजे जोडीदार सोडून गेला या कारणासाठी, अट आहे, याचिका दाखल होण्याच्या लगत आधी सलग २ वर्षं. समजा जून २०२२ मध्ये वेगळे झालात आणि जानेवारी २०२३ मध्ये क्रूरतेवर याचिका टाकली. २०२५ मध्ये "आता तीन वर्षं झाली, परित्यागही घालू" असं वाटणं साहजिक आहे. पण मोजणी याचिकेच्या तारखेपासून मागे होते, आणि तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. ही दुरुस्ती टिकणं कठीण. असं कारण हवंच असेल तर स्वतंत्र नवी याचिका, किंवा आदेश २३ नियम १ खाली पुन्हा दाखल करण्याची मुभा मागून ही याचिका मागे घेणं, हे मार्ग उरतात. मुभेचा शब्द आदेशात आला नाही तर त्याच कारणावर परत येता येत नाही. शिवाय या याचिकेत अंतरिम पोटगी चालू असेल तर याचिकेबरोबर तीही जाते. ते गणित आधी मांडा.

फसवणुकीने लग्न झालं म्हणून ते रद्द करून मागायचं असेल (कलम १२), तर फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षात यावं लागतं. ते वर्ष उलटल्यावर घटस्फोटाच्या याचिकेत दुरुस्तीच्या मागच्या दाराने ते कारण घालू द्यायला कोर्ट सहसा राजी होत नाही.

व्यभिचाराचा आरोप घालायचा असेल तर नाव, साधारण काळ, ठिकाण लिहावं लागतं, आणि जिचं किंवा ज्याचं नाव घेता त्या व्यक्तीला पक्षकार करण्याचा प्रश्न येतो. नुसत्या संशयावर हे करू नका. नीतीचा उपदेश म्हणून सांगत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नवऱ्याने कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर घाणेरडे आरोप केले. बायकोने आपल्या याचिकेत दुरुस्ती करून हे आरोप हीच क्रूरता असं मांडलं. मग नवऱ्याने कैफियतीत दुरुस्ती करून ते आरोप काढून टाकले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नंतर मजकूर काढला म्हणून झालेली क्रूरता पुसली जात नाही, आणि बायकोला मिळालेला घटस्फोट कायम राहिला. दुरुस्तीने कागदावरचा शब्द खोडता येतो, पण तो शब्द एकदा लिहिला गेला होता ही गोष्ट राहतेच.

कबुलीचंही तसंच. "मार्च २०२१ पर्यंत आम्ही एकत्र नांदलो" असं स्वतः लिहून दिल्यावर, ते अडचणीचं ठरतंय म्हणून "२०१९ पर्यंत" करता येत नाही. खरोखर टंकलेखनाची चूक असेल तर ती दाखवणारा कागद सोबत हवा: भाडेकरार, बदलीचा आदेश, मुलाचा शाळेचा दाखला, काहीही.

जाबदाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध याचिका आहे त्याला, कैफियतीच्या दुरुस्तीत थोडी जास्त सवलत मिळते, पर्यायी किंवा काहीशी विसंगत भूमिकाही घेता येते. स्वतःलाच घटस्फोट हवा असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३-अ खाली तो प्रतिदावा म्हणून मागता येतो. आणि भांडून दमल्यावर दोघं सहमतीवर आले तर कलम १३ ची याचिका १३-ब मध्ये, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटात, बदलून घेता येते. तिथे अटींचा मसुदा दोघांच्या सह्यांनी लागतो, आणि दुरुस्ती हा त्यातला सगळ्यात बिनवादाचा भाग असतो.

अर्ज कसा लिहायचा

वर कोर्टाचं नाव, याचिकेचा क्रमांक, पक्षकार. मग शीर्षक: दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ६ नियम १७ प्रमाणे याचिका दुरुस्तीचा अर्ज. पुढे चार-पाच परिच्छेदांत याचिका कधी दाखल झाली, टप्पा कोणता, काय राहिलं, का राहिलं, या दुरुस्तीने दाव्याचं स्वरूप बदलत नाही आणि समोरच्याचं भरून न येणारं नुकसान होत नाही. रेवाजीतू बिल्डर्सच्या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती तपासायच्या कसोट्या एकत्र मांडल्या आहेत: वादासाठी ती आवश्यक आहे का, हेतू प्रामाणिक आहे का, खर्च देऊन भरून निघणार नाही असं नुकसान होतं का, दावा मुळातून बदलतो का. अर्ज लिहिताना त्या समोर ठेवा.

अर्जाचा जीव असतो परिशिष्टात, आणि हयगयही तिथेच होते. "छळाच्या आणखी घटना घालू द्याव्यात" असं मोघम लिहून भागत नाही. कोणत्या परिच्छेदात, कोणत्या शब्दानंतर, नेमका कोणता मजकूर, हे जसंच्या तसं हवं. उदाहरणार्थ:

"याचिकेच्या परिच्छेद ७ नंतर परिच्छेद ७-अ म्हणून पुढील मजकूर घालण्यात यावा: 'दि. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, रात्री सुमारे ९ वाजता जाबदाराने राहत्या घरी स्वयंपाकघरात अर्जदारास लाटण्याने डाव्या मनगटावर मारहाण केली. त्यावेळी जाबदाराची आई घरी हजर होती. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने सरकारी रुग्णालयात उपचार घेतले. केसपेपर सोबत दाखल आहे.' तसेच परिच्छेद १४ मधील 'दरमहा रुपये १०,०००' याऐवजी 'दरमहा रुपये १८,०००' असे वाचण्यात यावे."

तारीख, वेळ, जागा, कृत्य, हजर माणूस, कागद. "वारंवार अमानुष छळ केला" या वाक्याने पान भरतं, बाकी काही होत नाही. तारीख आठवत नसेल तर खोटी घालू नका. "२०२३ च्या गणपतीच्या सुमारास" हे प्रामाणिक आहे आणि उलटतपासणीत टिकतं.

एक गोष्ट परिशिष्टात कधीच घालू नका: मध्यस्थासमोर झालेलं बोलणं. "मध्यस्थीत तो म्हणाला की फ्लॅट देतो" हे पक्षकारांना फार मोलाचं वाटतं. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही तशी तरतूद आहे.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि समोरच्यासाठी प्रत द्या. घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे, तेव्हा कोणी सांगितलं म्हणून तिकिटं लावत बसू नका.

दाखल केल्यापासून आदेशापर्यंत

अर्जाला निशाणी क्रमांक पडतो, तो लिहून ठेवा. कोर्ट समोरच्याला म्हणणं द्यायला सांगतं. त्याला रोजच्या भाषेत "से" म्हणतात, आणि या "से"साठी दोन-तीन तारखा सहज जातात. मग दोन्ही बाजूंचा युक्तिवाद. या टप्प्यावर घटना खरी की खोटी हे कोर्ट ठरवत नाही, ते पुराव्यातच ठरतं. म्हणून समोरचा "हे सगळं धादांत खोटं आहे" म्हणून तासभर बोलला तरी गांगरू नका. त्याचे खरे आक्षेप तीनच असू शकतात: उशीर, दाव्याचं स्वरूप बदलणं आणि कबुली मागे घेणं. तुम्ही विरोध करणाऱ्या बाजूला असाल तर तुम्हीही याच तिघांवर बोला.

अर्ज मंजूर होताना कधी कधी खर्च बसतो, हजार, दोन हजार, जशी दिरंगाई. तो भरल्याशिवाय दुरुस्ती अमलात येत नाही, आणि तो वेळेत भरल्याची पावती किंवा पुरशिस अभिलेखात हवी.

मंजुरीनंतरचे चौदा दिवस

आदेश झाला की पक्षकार पेढे वाटतो आणि वकील पुढच्या फायलीकडे वळतो. मीही एकदा वळले होते. अर्ज मंजूर, खर्च भरलेला, पण दुरुस्ती मूळ याचिकेत लिहायचीच राहिली आणि लक्षात आलं ते पुढच्या तारखेला, समोरच्या वकिलांनी उभं राहून सांगितल्यावर. मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा खर्च, आणि पक्षकाराला काय सांगायचं याचा विचार करत जिने उतरणं.

आदेश ६ नियम १८ असं सांगतो की आदेशात मुदत दिली असेल तर तेवढ्यात, दिली नसेल तर १४ दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष करायची. नाहीतर कोर्टाने वेळ वाढवून दिल्याशिवाय ती करता येत नाही. करायचं काय, तर मूळ याचिकेवर, मंजूर झाला तेवढाच मजकूर, सहसा लाल शाईने, त्या त्या जागी लिहायचा, समासात आदेशाची तारीख आणि निशाणी घालायची आणि सही करायची. मजकूर मोठा असेल तर जोडपान लावतात. काही कोर्टं संपूर्ण दुरुस्त याचिका नव्याने टाइप करून मागतात, तेव्हा आदेशाची भाषा नीट वाचा. सत्यापन पुन्हा करायचं आणि दुरुस्त प्रत समोरच्याला द्यायची. आदेशात नसलेला एक शब्दही इथे हळूच सरकवायचा नाही.

यानंतर समोरच्याला जादा कैफियत द्यायचा हक्क आहे, पण दुरुस्त भागापुरताच. त्या आडून त्याने जुनी सगळी कैफियत नव्याने लिहिली तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. गरज असेल तर नवा मुद्दा काढून घ्या, आणि साक्ष आधीच झाली असेल तर नव्या मजकुरापुरतं साक्षीदाराला परत बोलवायचा अर्जही लगेच द्या.

पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं

पोटगीचा अर्ज (फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) किंवा हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज फौजदारी स्वरूपाचा, म्हणून त्यात दुरुस्ती नाहीच, असा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. हिंसाचाराच्या कायद्यापुरता सर्वोच्च न्यायालयाने तो २०१६ मध्ये निकालात काढला आहे. या अर्जांत मागितलेले दिलासे मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे आहेत, म्हणून दुरुस्ती करू देता येते. रक्कम वाढवून मागत असाल तर ती कोणत्या तारखेपासून हवी हेही लिहा.

उत्पन्नाच्या बाबतीत आणखी सोपी वाट आहे. रजनीश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नोकरी बदलली, पगार वाढला, नवी माहिती मिळाली, तर पूरक प्रतिज्ञापत्र देता येतं. त्याच निकालात खोट्या विधानांबद्दल कारवाईचा इशाराही आहे, तो दोघांनाही लागू.

अर्ज नामंजूर झाला तर

दुरुस्तीचा आदेश अंतरिम असल्याने कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली त्यावर अपील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. पश्चिम महाराष्ट्र आणि दक्षिण कोकणातल्या सहा जिल्ह्यांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. नामंजूर झालेली गोष्ट खरंच प्रकरणाचा कणा आहे का, हे मात्र आधी ठरवा. रिट प्रलंबित आहे एवढ्याने खालचा खटला थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती मिळाली तर लांबणारा खटलाही तुमचाच असतो.

मंजूर झाला असेल तर दुरुस्त याचिकेची प्रमाणित प्रत काढून घरी ठेवा, आणि सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा वकिलांकडून आला की दोन्ही शेजारी ठेवून ओळीवर ओळ ताडून पाहा. ७-अ मधला लाटण्याचा प्रसंग प्रतिज्ञापत्रात आलाय का? मनगट डावंच लिहिलंय ना? मग सही करा.